सांकवाळचे दासपत्र

श्रोतेहो, 'दासपत्र' हा शब्द आज आपल्या व्यवहारातून गेला आहे, आणि तो गेला हे बरेच झाले. परंतु सतराव्या शतकातील गोव्यात त्याचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नसे. जुने गोवे शहराच्या ज्या हमरस्त्याला पोर्तुगीज लोक 'रुआ दिरैत' म्हणजे सरळ रस्ता म्हणत, तेथे सकाळच्या प्रहरी बाजार भरे आणि घोडे, कापड, जडजवाहीर यांच्याबरोबर माणसांचाही लिलाव होई. इ. स. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोटन याने हा बाजार डोळ्यांनी पाहिला आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. पुढे शंभर वर्षे झाली तरी गोव्यातील श्रीमंतांच्या घरी विकत घेतलेले दास राबत होतेच. कोणी कोणास विकले, किती मोबदल्यात विकले, विकलेल्यावर कोणाचा हक्क राहिला, याचे कागद रीतसर होत असत.

अशाच एका कागदाची गोष्ट आज आपणांस सांगावयाची आहे. ५ ऑगस्ट १६७७ या दिवशी सासष्ट प्रांतातील सांकवाळ गावी, आरोग्यमातेच्या चर्चमध्ये, सव्वीस वर्षांच्या एका तरुण पाद्र्याने एक दासपत्र लिहिले. नेहमीच्या कागदात आणि या कागदात फरक एवढाच की, येथे विकणारा आणि विकला जाणारा हे दोघे एकच होते, आणि घेणारी व्यक्ती या जगातील नव्हती. त्या पाद्र्याचे नाव जुझे वाझ. ज्यांना आज ख्रिस्ती जग संत जोसेफ वाझ या नावाने ओळखते, तेच हे.

दासपत्राचा मजकूर आज उपलब्ध आहे. देवदूत, मनुष्ये आणि अखिल सृष्टी यांना साक्षी ठेवून वाझ सांगतात की, मी स्वतःला देवमाता मरिया हिचा कायमचा दास म्हणून अर्पण करीत आहे. हे दान मी कोणाच्याही दडपणाखाली करीत नसून राजीखुशीने करीत आहे. आणि कायद्याच्या भाषेत ज्याला परत न घेता येणारे दान म्हणतात, त्या प्रकारचे ते आहे. स्वतःबरोबर स्वतःच्या मालकीचे जे काही असेल तेही त्यांनी त्यात घातले. एखाद्या कसलेल्या कारकुनाने लिहावा तसा तो कागद आहे. भक्तीचा आवेग त्यात नाही असे नव्हे, परंतु तो आवेग कायद्याच्या चौकटीत नीट बसविलेला आहे. हौस ओसरली की विसरून जावे असे हे काही नाही, याची जणू त्यांनी स्वतःलाच ताकीद देऊन ठेवली होती.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात येथे एक शंका येईल. ख्रिस्ती माणसाने समर्पण करावयाचे ते देवाला. मग हे दासपत्र मरियेच्या नावे कसे? कॅथलिक पंथाची याविषयीची भूमिका अशी की, उपासना केवळ ईश्वराची. मरिया ही ईश्वर नव्हे. परंतु ईश्वराच्या इच्छेला जिने प्रथम आणि पूर्णतः होकार दिला, आणि त्या प्रसंगी जिने स्वतःला ईश्वराची दासी म्हटले, ती ही स्त्री होय. तेव्हा तिच्या हाती स्वतःला सोपविणे म्हणजे तिच्याच मार्गाने ख्रिस्ताचे दास्य पत्करणे. संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी स्वतःची ओळख ख्रिस्ताचा दास म्हणूनच करून दिली आहे. फ्रान्समधील लुई द मॉन्फोर या धर्मोपदेशकाने हाच विचार पुढे एका ग्रंथात मांडला आणि तो जगभर पोहोचला. परंतु सांकवाळचे दासपत्र लिहिले गेले तेव्हा मॉन्फोर चार वर्षांचा बालक होता.

मराठी माणसाला तर दास्यभक्तीची कल्पना मुळीच परकी नाही. वाझ यांचा जन्म १६५१ सालचा. तुकोबांचे निर्याण त्याच्या एकदोन वर्षेच आधीचे, आणि दासपत्र लिहिले गेले तेव्हा समर्थ रामदास हयात होते. नवविधा भक्तीमध्ये दास्य ही एक पायरी आहे, आणि आपले नावच 'दास' असे घेणाऱ्या संतांची परंपरा महाराष्ट्रात मोठी आहे. वाझ यांनी ही परंपरा पाहून दासपत्र लिहिले असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. त्यांची प्रेरणा ख्रिस्ती धर्मग्रंथांतीलच होती. सांगावयाचे ते इतकेच की, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना त्या काळी माणसे एकाच प्रकारचा प्रश्न स्वतःला विचारीत होती. देवाला थोडेसे देऊन बाकीचे स्वतःकडे ठेवता येते का, हा तो प्रश्न होय.

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी आईच्या गावी, बाणावली येथे झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे. घराणे मूळचे सारस्वत ब्राह्मणांचे, पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. पोर्तुगीज आणि लॅटिन भाषा शिकून मुलगा राजधानीत गेला. जेझुइटांच्या संत पॉल महाविद्यालयात आणि पुढे डोमिनिकन पंथीयांच्या विद्यालयात त्याने शिक्षण पूर्ण केले. १६७६ साली आर्चबिशपांच्या हस्ते त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. दीक्षा मिळताच या तरुणाने पायांतले जोडे काढून टाकले. गोरगरीब अनवाणी चालतात, तेव्हा आपणही अनवाणी चालावयाचे, असा त्याचा निश्चय होता.

त्या वेळच्या गोव्यातील एतद्देशीय पाद्र्याची स्थिती कशी होती, हे समजल्याशिवाय या निश्चयाचे मोल कळणार नाही. धर्म एकच असला तरी मान एक नव्हता. युरोपातून आलेल्या जेझुइट, डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, ऑगस्टिनियन या पंथांच्या मठांत गोव्यातील एतद्देशीयांना सहसा प्रवेश नसे. एतद्देशीय पाद्री शिकलेला असो, सच्छील असो, त्याने खालच्या दर्जाची कामे करावयाची, अशी रीत होती. दिवाडी बेटावरचे मातेउस दि कास्त्रो यांना १६३७ साली रोमने बिशप केले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. परंतु गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना अखेरपर्यंत मानले नाही, आणि त्यांचे आयुष्य भांडणांत गेले. ज्याला संन्यस्त जीवन जगण्याची तळमळ आहे, त्याच्यासाठी मठाचे दार कातडीच्या रंगामुळे बंद, असा हा विलक्षण प्रकार होता.

वाझ यांची इच्छा सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस, जाण्याची होती. तेथील हकीकत गोव्यात सर्वांच्या कानांवर आलेली होती. पोर्तुगीजांच्या राजवटीत त्या बेटाच्या किनाऱ्यावर पुष्कळ लोक कॅथलिक झाले होते. १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना डचांनी जिंकून घेतले. डच प्रॉटेस्टंट होते, आणि पोर्तुगीजांशी त्यांचे हाडवैर होते. त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना हद्दपार केले, चर्चे ताब्यात घेतली, आणि कॅथलिक पाद्र्यास आसरा देणाऱ्यास देहान्त शिक्षेची जरब बसविली. पुढे जवळजवळ तीस वर्षे तेथील कॅथलिकांना पाद्री असा दिसलाच नाही. मुले जन्मत, म्हातारी माणसे मरत, लग्ने होत; परंतु मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, अंत्यसंस्काराला धर्मगुरू नाही.

परंतु दासाला आपली जागा निवडण्याचा अधिकार नसतो. १६८१ मध्ये वाझ यांना वरिष्ठांचा हुकूम झाला तो लंकेचा नव्हे, कानडा प्रांताचा. मंगळूर, बसरूर, बारकूर, कल्याणपूर, गंगोळी या भागांत तेव्हा केळदीच्या राणी चन्नम्मा यांचे राज्य होते. याच राणीने पुढे १६८९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांना जिंजीच्या वाटेवर आश्रय दिला, हे आपणांस ठाऊक आहेच. तेथील ख्रिस्ती लोक एका चमत्कारिक तंट्यात सापडले होते. पूर्वेकडील चर्चवर आपला अधिकार असल्याचे पोर्तुगालचा राजा म्हणे. तर रोमने आपला स्वतंत्र प्रतिनिधी तेथे नेमलेला होता. एका पक्षाच्या पाद्र्याने दिलेले संस्कार दुसरा पक्ष खरे मानीना. वाझ गोव्याच्या आर्चबिशपांच्या वतीने गेले होते. पण त्यांनी भांडणात तेल ओतले नाही. रोमच्या प्रतिनिधीशी ते नम्रतेने वागले, आणि लोकांच्या मनातील संभ्रम कमी करण्याचा यत्न त्यांनी केला. चर्चे उभारणे, शाळा काढणे, आजाऱ्यांची चौकशी करणे, यात त्यांनी तीन वर्षे घालविली.

१६८४ मध्ये ते गोव्यास परतले तेव्हा प्रांत भाजून निघाल्यासारखा झाला होता. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा सासष्ट आणि बारदेशात शिरल्या होत्या, आणि व्हाइसरॉयने धास्तावून आपला अधिकारदंड संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटिकेपाशी नेऊन ठेवला होता. फौजा माघारी गेल्या, पण राज्यकर्त्यांच्या मनातील धास्ती गेली नाही. त्याच व्हाइसरॉयने जून १६८४ मध्ये फर्मान काढले की, एतद्देशीयांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या भूमीत फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली आपले ख्रिस्तपुराण मराठीत छापले, त्याच भूमीतील हे फर्मान! इन्क्विझिशन तर १५६० पासून चालूच होते. धर्म आणि सत्ता यांची गाठ एवढी घट्ट बसलेली होती की, कोणता हुकूम देवाचा आणि कोणता राजाचा, हे सामान्य माणसाला उमगू नये.

या वातावरणात काही एतद्देशीय पाद्र्यांनी एकत्र राहावयास आरंभ केला होता. जुने गोवे येथील एका टेकडीवर क्रूझ दोस मिलाग्रेस, म्हणजे चमत्काराच्या क्रुसाचे, चर्च होते. तेथे त्यांचा मुक्काम असे. १६८५ साली वाझ त्यांना जाऊन मिळाले आणि त्यांचे प्रमुख झाले. त्यांनी या मंडळींना रोमच्या संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरी पंथाची घडण दिली. या पंथात संन्यासाची शपथ घेत नाहीत. पाद्र्यांनी एकत्र राहावे, एकत्र प्रार्थना करावी, आणि प्रेमाच्या बंधनाशिवाय दुसरे बंधन मानू नये, असा त्यांचा नियम आहे. युरोपियनांनी बंद केलेल्या दारासमोर हातापाया न पडता या लोकांनी आपले घर आपण बांधले. मात्र इतिहास सांगताना हेही सांगितले पाहिजे की, या घराचे दारही सर्वांना मोकळे नव्हते. ब्राह्मण घराण्यांतून आलेल्यांनाच तेथे स्थान असे. गोऱ्यांनी ज्यांना रंगावरून दूर ठेवले, त्यांनी आपल्याच बांधवांना जातीवरून दूर ठेवले. हा दोष त्या काळचा होता असे म्हणून आपण तो सौम्य करू शकतो. नाहीसा करू शकत नाही.

वर्षभरातच वाझ यांनी प्रमुखपद सोडले. १६८६ साली एका नोकराला बरोबर घेऊन ते दक्षिणेच्या वाटेला लागले. त्या मुलाचे नाव जॉन. पाद्र्याचा झगा उतरवून त्यांनी मजुराचा वेष घेतला. मलबार किनारा ओलांडून ते तुतिकोरीनला पोहोचले, आणि तेथून होडीने समुद्र पार करून १६८७ मध्ये जाफन्याला आले. प्रवासात उपासमार झाली. जाफन्यात पोहोचताच अतिसाराने दोघांनाही मरणाच्या दारी नेले. बरे झाल्यावर वाझ यांनी भिक्षापात्र हाती घेतले, गळ्यात जपमाळ घातली, आणि दारोदार भीक मागू लागले. माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख चमकते, हे ते पाहत होते. एके घरी तशी ओळख चमकली, आणि तीस वर्षांनी जाफन्याच्या कॅथलिकांना पाद्री मिळाला.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून एका गोष्टीचा विचार करावा. हे काम युरोपातील पाद्र्याला करता आले असते काय? गोरा माणूस डचांच्या ठाण्यात मजूर म्हणून शिरू शकला नसता. पहिल्याच नाक्यावर तो पकडला गेला असता. वाझ शिरू शकले, कारण ते सावळे होते, अनवाणी चालत होते, आणि भिक्षेकऱ्यांच्या गर्दीत वेगळे दिसत नव्हते. ज्या रंगामुळे गोव्यात मठाचे दार बंद होते, त्याच रंगाने लंकेचे दार उघडले. दीक्षेच्या दिवशी जोडे काढून टाकणाऱ्या माणसाने दहा वर्षे जी सवय अंगी बाणवली, तीच त्याचे संरक्षण ठरली. मानाने जगण्याच्या ज्या गोष्टी त्यांनी सोडल्या होत्या, त्यांतली एकही त्यांच्याजवळ उरली असती तर हे कार्य घडले नसते.

जाफन्याजवळच्या सिल्लालै या गावी त्यांना आसरा मिळाला. दिवसा लपावयाचे आणि रात्री मिस्सा करावयाची, असा क्रम चालला. एखाद्या घरी पहाटेपूर्वी दिवे मालवत, आणि सूर्य उगवेपर्यंत पाद्री दुसऱ्या गावी गेलेला असे. पण बातमी फुटली आणि शोध सुरू झाला. पाद्र्याला ठेवून घेणाऱ्यांनाच शिक्षा सोसावी लागते हे पाहून वाझ यांनी जाफना सोडले. १६९० मध्ये ते पुत्तलमला आले. हा भाग डचांचा नव्हता. तो कँडीच्या राजाचा होता.

कँडीचे राज्य हे त्या बेटावरचे एकमेव स्वतंत्र राज्य. राजा दुसरा विमलधर्मसूर्य १६८७ मध्ये गादीवर आला होता. तो निष्ठावंत बौद्ध होता. भिक्षुसंघाची खंडित झालेली दीक्षापरंपरा पुन्हा चालू करण्यासाठी त्याने अराकानातून भिक्षू आणविले, आणि बुद्धाच्या दंतधातूसाठी भव्य मंदिर बांधले. १६९२ मध्ये वाझ कँडीला गेले, तेव्हा दरबारातल्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंटाने राजाला सांगितले की, हा पाद्री नसून पोर्तुगीजांचा हेर आहे. राजाने त्यांना कैदेत टाकले. या संशयाला आपण नावे ठेवू नयेत. पोर्तुगीजांनी त्या राज्याला दीडशे वर्षे छळले होते. ज्या धर्माचे लोक तोफा घेऊन आले, त्या धर्माचा माणूस गुपचूप आला म्हणजे राजाने दक्ष राहावे हे स्वाभाविकच होते. क्रूस आणि तलवार यांची जी गाठ गोव्यात बांधली गेली होती, तिची किंमत येथे वाझ यांना चुकवावी लागली.

कैदेत त्यांनी काय केले? सिंहली भाषा शिकून घेतली. गोव्यातील राज्यकर्ते फर्मानाने लोकांची भाषा तोडू पाहत होते, आणि त्याच गोव्याचा एक पाद्री तुरुंगात बसून परक्यांची भाषा अक्षराअक्षराने शिकत होता. धर्म सांगावयाचा तर ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगितला पाहिजे, हा धडा फादर स्टीफन्स यांनी आपल्याकडे घालून दिला होता. वाझ यांनी तो लंकेत तमिळ आणि सिंहलीत गिरवला. हळूहळू पहारा सैल झाला. त्यांना एक झोपडीवजा प्रार्थनागृह उभारण्याची मुभा मिळाली.

कँडीमध्ये एक कथा सांगतात. १६९६ साली मोठी अनावृष्टी झाली. राजाने सर्वांना पावसासाठी प्रार्थना करावयास सांगितली. वाझ यांनी भर चौकात वेदी मांडून तिच्यावर क्रूस ठेवला आणि प्रार्थना केली. पाऊस आला, आणि वेदी व पाद्री मात्र कोरडे राहिले. या कथेवर ज्याचा त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे विश्वास ठेवावा. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, यानंतर राजाने त्यांना राज्यात मोकळेपणाने हिंडण्यास परवानगी दिली. डचांचा शत्रू आपला मित्र, हे राजकारणही त्यामागे असू शकेल. पण केवळ राजकारणाने एवढा विश्वास लाभत नाही, हे दुसऱ्याच वर्षी दिसून आले.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. ज्याला देवी निघाल्या त्याला घरचे लोक रानात नेऊन सोडू लागले. राजा आणि सरदार शहर सोडून गेले. त्याच सुमारास गोव्याच्या ओरेटरीहून वाझ यांच्या मदतीला पहिले सहकारी आले होते. त्यांत त्यांचा भाचा जुझे कार्व्हाल्यो हाही होता. म्हणजे दहा वर्षे वाझ यांनी त्या बेटावर एकट्याने काढली होती. मामा-भाच्यांनी आता रानात झोपड्या उभारल्या, आजाऱ्यांना तेथे नेले, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना अन्नपाणी दिले, आणि मेलेल्यांना हातांनी खड्डे खणून पुरले. रुग्ण कोणत्या धर्माचा, हे त्यांनी विचारले नाही. देवीवर तेव्हा औषध नव्हते. इंग्लंडात जेन्नरने लस टोचण्याचा प्रयोग केला तो १७९६ साली, म्हणजे पुढे बरोबर नव्याण्णव वर्षांनी. जवळ जाणे हाच त्या वेळी एकमेव उपचार होता, आणि तो करणाऱ्याच्या जिवाला धोका होता.

१६७७ च्या दासपत्राचा अर्थ काय, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर कँडीच्या त्या रानात सापडते. दासाला स्वतःचा जीव राखून ठेवण्याचा अधिकार नसतो. तो जीव आधीच देऊन टाकलेला असतो. परंतु बाजारात विकलेल्या दासात आणि यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बाजारातल्या दासाला मालकाची भीती असते. या दासाला कोणाचीच भीती उरलेली नव्हती. डच गव्हर्नर, कँडीचा राजा, गोव्याचा व्हाइसरॉय, किंवा देवीचा रोग, यांपैकी कोणीही त्यांच्यापासून हिरावून घेईल असे त्यांच्यापाशी काही नव्हते.

मानही त्यांना मोहवू शकला नाही. १७०४ मध्ये पोपचे वकील तुर्नों हिंदुस्थानात असता त्यांनी वाझ यांना लंकेचे प्रमुख नेमून बिशपपद देण्याचा मनोदय व्यक्त केला. वाझ यांनी तो नाकारला. मातेउस दि कास्त्रो यांच्या पिढीने ज्या मानासाठी झगडावे, आणि तो झगडा न्याय्यच होता, तो मान चालून आला असता याने हात मागे घेतला. साधा मिशनरी म्हणूनच काम करावयाचे, हा त्यांचा हेका कायम राहिला.

एका माणसाला सारे बेट पुरे पडत नाही हे त्यांनी ओळखले होते. म्हणून गावोगावी एकेका विश्वासू गृहस्थाला त्यांनी तयार केले. त्याने रविवारी लोकांना जमवून प्रार्थना सांगावी, मुलांना धर्मशिक्षण द्यावे, मरणोन्मुखाजवळ बसावे, आणि पाद्री जवळ नसेल तर निकडीच्या वेळी बालकाला बाप्तिस्मा द्यावा. पाद्री वर्षातून एकदा येईल, पण समाज वर्षभर जिवंत राहील, अशी ही योजना होती. १७०५ मध्ये दिवाडीचे जाकोम गोन्साल्व्हिस लंकेत आले. वाझ यांनी त्यांना सिंहली वाङ्मयाच्या अभ्यासास लावले. गोन्साल्व्हिस यांनी सिंहली व तमिळ भाषांत विपुल लेखन केले, आणि सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे जनक म्हणून त्यांचे नाव आजही घेतात.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे जुझे वाझ यांचे देहावसान झाले. वय साठीच्या आतले. चोवीस वर्षांत ते एकदाही गोव्यास परतले नव्हते. राजा वीर नरेंद्रसिंह याच्या परवानगीने त्यांचे शव लोकांच्या दर्शनासाठी ठेवण्यात आले आणि कँडीच्याच चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. पुढे ते चर्च राहिले नाही, आणि समाधीची जागाही काळाच्या ओघात नाहीशी झाली. संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव पाहावयास जगभरचे लोक जुन्या गोव्यास येतात. त्याच गोव्याच्या या सुपुत्राची समाधी मात्र कोठेच नाही. ज्याने आपले सर्वस्व, परत न घेण्याच्या बोलीने, दिले होते, त्याचे हाडसुद्धा मागे उरू नये, यात एक प्रकारची संगती आहे असे वाटते.

चर्चच्या दरबारातील न्याय सावकाश चालतो. संतपदाच्या चौकशीला आरंभ त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत झाला. पण २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्याच गॉल फेस मैदानावर संतपद दिले. भारतात जन्मलेल्या पहिल्या संताचा मान वसईच्या गोन्सालो गार्सिया यांचा; त्यांना १५९७ मध्ये जपानात क्रुसावर मरण आले होते. श्रीलंकेने ज्याला आपला पहिला संत मानले, तो मात्र गोव्याचा. ज्या देशात वाझ चोरासारखे रात्री शिरले, त्या देशाने लाखोंच्या समुदायात त्यांचे नाव घेतले.

आणि गोव्यात? ओरेटरी पंथ इतर पंथांबरोबर पोर्तुगीज सरकारनेच १८३५ च्या सुमारास बंद केला. टेकडीवरच्या मठाचे आता अवशेष आहेत. सांकवाळचे आरोग्यमातेचे जुने चर्च एकोणिसाव्या शतकात आगीत गेले; त्याची दर्शनी भिंत तेवढी उभी आहे. आत छप्पर नाही, वेदी नाही. कधी त्या बाजूस जाणे झाले तर तेथे थोडा वेळ उभे राहावे. रुआ दिरैतवर विकलेल्या माणसांचे कागद केव्हाच मातीला मिळाले, आणि त्या बाजाराचे धनीही गेले. त्या भिंतीमागे एका माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद मात्र, साडेतीनशे वर्षे होत आली तरी, अजून वाचला जातो. त्यात लिहिलेले तो माणूस अक्षरशः जगला, हेच त्याचे कारण होय.